अडीच बोटं अधांतरी

"बसा," एवढंच ते म्हणाले आणि माझ्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघत राहिले.

लग्न होऊन पनवेलला आल्याचा माझा तिसरा की चौथा दिवस. घरमालकांना नमस्कार करायला म्हणून आमच्या ह्यांनी मला शेजारच्या ओटीवर नेलं होतं. तिथे एक उंच लाकडी बाक होता. मी नवी नवरी, अंगावर पाचवारी, अंबाड्यात अबोलीचा गजरा आणि डोक्यात मॅट्रिकला इंग्रजीत मिळालेले त्रेसष्ट मार्क. टेचात बसले. पाय लोंबकळायला लागले, ते साडीखाली ओढून घेतले. तर हा पन्नाशीचा गृहस्थ माझ्यासमोर उकिडवा बसला, टाचेला न लागू देता खाली हवेत हात धरला आणि बोटं मोजली.

"अडीच," त्यांनी आत हाक मारून सांगितलं. "अगं, ह्या अडीच बोटं."

आतून बायकोचा आवाज आला, "म्हणजे माझ्याएवढ्याच."

खोलीवर आल्या आल्या मी ह्यांना म्हटलं, "तुमचा मालक चहाटळ आहे."

"छे गं," हे म्हणाले, "ट्रामचा मिस्त्री आहे तो." जसा काही त्यानं सगळा उलगडा झाला.

ते मुंबईला ट्रामच्या कारखान्यात सुतार होते. सोमवारी पहाटे जायचे, शनिवारी संध्याकाळी एस.टी.नं परत. घराणं मूळचं गाड्या बांधणाऱ्यांचं. पनवेलची बैलगाडीची चाकं तेव्हा लांब लांब जायची, आणि मिस्त्रींचे वडील त्यातले नावाजलेले. मिस्त्री म्हणायचे, "आमचा बाप बैलाच्या खांद्यावर हात फिरवल्याशिवाय जू तासायचा नाही. बैल दहा कोसांवर असला तरी चालत जायचा. आणि आम्ही हजारो माणसांच्या गाड्या बांधतो, तर माप कोणाचं घेतलंय? विलायतेतल्या कुठल्या तरी साहेबाचं. तो पाटलोण घालून बसला असेल एकदा, त्याच्यावर चाललंय."

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. बसल्यावर ज्याचे पाय जमिनीला लागतात तो प्रवासी, ज्याचे लागत नाहीत ते सामान. हे ते कुणालाही ऐकवत. आमचे हे मास्तर, त्यांच्या शाळेच्या हेडमास्तरांनाही ऐकवलं, आणि ते बुटके होते.

लग्नाच्या पंगतीत जिलबी येऊन जायची आणि मिस्त्रींची नजर मांडवातल्या बाकांवर. कचेरीत काम असलं की आधी तिथल्या बाकाखाली वाकून बघणार. एकदा शेजारी मयत झाली. माणसं ओटीवर बसली होती. मिस्त्री सांत्वनाला गेले आणि विधवा म्हातारीच्या पायांखाली हळूच एक पाट सरकवून आले. बायकांमध्ये त्यावर दहा दिवस कुजबुज चालली. कुजबुजीत मी पुढे होते, हे कबूल करते. म्हातारी मात्र त्या पाटावरून पाय काढेना.

स्वतः ते कधी खुर्चीवर बसले नाहीत. जमिनीवर, भिंतीला पाठ लावून. "मला कोणी मोजलेलं नाही," म्हणायचे.

मागच्या अंगणात, शेवग्याखाली, त्यांचा मापाचा बाक होता. त्याला भोकं आणि खुंट्या होत्या. फळी वरखाली व्हायची, पाठ पुढेमागे सरकायची. रविवारी सकाळी गल्लीतल्या बायकांना तिथे बोलावणं असायचं. आता परपुरुष बायकांचं माप कसं घेणार? त्याची त्यांनी रीत पाडली होती. बाई बाकावर बसली की मिस्त्री भिंतीकडे तोंड करून उभे राहणार. काकी, म्हणजे त्यांची बायको, दोरी लावणार. दोऱ्या दोन. तांबडी दोरी टाचेपासून गुडघ्याच्या मागच्या खळीपर्यंत, म्हणजे बाकाची उंची. पांढरी दोरी पाठीपासून मांडीच्या लांबीनं त्याच खळीपर्यंत, म्हणजे बाकाची खोली. माप जिथे संपेल तिथे काकी गाठ मारणार. काकींना आकडे येत नव्हते, पण त्यांची गाठ कधी चुकली नाही. सोळावी गाठ माझी होती. मी आढेवेढे घेतले, पदर सावरला, लाजले, आणि मग माप घेताना श्वास रोखून उंच बसले. मांडीची लांबी श्वासानं वाढत नाही, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

बेलपाड्याहून मासे घेऊन येणारी एक कोळीण होती. तिला मिस्त्रींनी रस्त्यावरून हाक मारून आणलं.

"मिस्त्री, आमी कवा बसणार तुमचे टरामीत? माजे पाटीला घेतील काय?"

"पाटीचं नंतर बघू. आधी तू बस."

"मी बसतंय, पन तुमी तिकरं का बघताव? भिंतीत काय हाय?"

"भिंतीत कायदा आहे," मिस्त्री भिंतीलाच म्हणाले.

"मंग ऱ्हावा तितंच," कोळीण म्हणाली, आणि पाटीतले बोंबील पाठीमागे लपवून बसली. काकी हसून हसून गाठ मारायची विसरल्या.

हे सगळं कशासाठी, ते गल्लीत प्रत्येकाला पाठ होतं. कारखान्यात नव्या गाड्या बांधायच्या होत्या. आधी एक नमुन्याची गाडी होणार, तिच्यात वेगवेगळे बाक लावून बघणार, आणि जो पसंत पडेल तो पुढच्या सगळ्या गाड्यांना. मोठ्या साहेबांनी कामगारांनाही सुचवायला सांगितलं होतं, फक्त कागद इंग्रजीत हवा आणि मापं इंचात. मिस्त्रींची नोकरी चार वर्षांत संपणार होती. म्हणायचे, "जन्मात एकच बाक माझ्या हातून जायला पाहिजे. बायकांचे पाय टेकले पाहिजेत आणि पाठ टेकली पाहिजे. दोन्ही. एक टेकून उपयोग नाही."

मग एका रविवारी दोन्ही दोऱ्या घेऊन ते आमच्या दारात उभे राहिले.

"मास्तरीणबाई, तुमचं इंग्रजी चांगलं आहे म्हणतात."

कोण म्हणतं, असं मी विचारलं नाही. मीच म्हणत होते. विहिरीवर, देवळात, वाण्याच्या दुकानात, जिथे संधी मिळेल तिथे.

मी शाईचं पेन काढलं. बक्षीस मिळालेली डिक्शनरी काढली, ती लागणार नाही असं म्हणत. ह्यांच्या शाळेच्या फूटपट्टीवर मिस्त्रींनी तांबडी दोरी ताणून धरली, गाठ न् गाठ मोजली, मी आकडे मांडले, बेरीज करून सरासरी काढली. बाकाची उंची एवढी कमी करावी, असं झोकदार वाक्य लिहिलं. 'हंबली' आणि 'ओबीडियंटली' हे दोन्ही शब्द पहिल्याच ओळीत घातले.

मग त्यांनी पांढरी दोरी ताणली. "आता हे मोठ्या अक्षरात लिहा. बाईची मांडी आत्ताच्या बाकापेक्षा तीन बोटं आखूड आहे. बाक उथळ केला नाही तर पाठ टेकणार नाही. नुसतं बुटकं करून भागणार नाही, हेही लिहा."

माझं पेन थांबलं.

साहेबाला, परक्या पुरुषाला, माझ्या अक्षरात, बायकांच्या मांड्या. आणि त्या दोरीत सोळावी गाठ माझी. मी डिक्शनरी उघडली. शब्द समोर होता. त्याच्या अर्थात त्या अवयवाच्या शेजारच्या अवयवाचंही नाव होतं, ते बघून मी पुस्तकच मिटलं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आमचे हे अंगणात दाढी करत होते, कागद त्यांच्या नजरेखालून जाणार होता.

"लिहिलं?" मिस्त्रींनी विचारलं.

"लिहिते," मी म्हटलं, आणि लिहिलं, 'अदर मेझरमेंट्स ॲज युज्वल.' बाकीची मापं नेहमीप्रमाणे. किती सुटसुटीत, असं मला वाटलं. सभ्य बाईला शोभेल असं. इतकं इंग्रजी शिकलेल्या साहेबाला पुढचं समजेलच, असंही वाटलं. विसाव्या वर्षी मला पुष्कळ काही वाटायचं.

मिस्त्रींना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांनी सही केली. शाई वाळेपर्यंत कागद दोन्ही हातांवर पसरून धरला, आणि मग तो काकींच्या कोऱ्या चोळीच्या कापडात गुंडाळून नेला.

पुढचे दोन महिने शनिवारी एस.टी. आली की गल्ली विचारायची, "मिस्त्री, बाक झाला का?" कागद वर गेला. पसंत पडला. बाक बांधायचं काम दुसऱ्या खात्याकडे होतं, मिस्त्रींच्या हातात आता काही नव्हतं. फक्त नमुन्याच्या गाडीत तो लागेल त्या दिवशी त्यांना हजर राहायची परवानगी मिळाली होती. त्या दिवसासाठी काकींनी त्यांचं धोतर नीळ घालून धुतलं.

त्या शनिवारी ते एस.टी.नं आले ते सरळ घरात गेले. काय झालं ते मला काकींकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. बाक बुटका झाला होता आणि खोली तेवढीच, नेहमीप्रमाणे. साहेब लोक एकेक करून बसले. मागे टेकायला गेलं की माणूस घसरून लवंडायचा, गुडघे वर, पाय समोरच्या वाटेत. एक जाडे अधिकारी बसले ते उठेनात, दोघांनी हात धरून काढले. कोणी तरी म्हणालं, "ट्राम आहे का आरामखुर्ची?" सगळे हसले. मिस्त्री दाराशी उभे होते. दुपारपर्यंत कारखान्यात त्यांचं नाव 'आरामखुर्ची' पडलं होतं.

रविवारी सकाळी ते आमच्याकडे आले. दारातच उभे राहिले.

"मास्तरीणबाई, कागदाची नक्कल आहे ना तुमच्याकडे? वाचून दाखवा. मराठीत."

नक्कल होती. मी ती जपून ठेवली होती, वडिलांना दाखवायला. मी कागद हातात धरला. पहिला भाग वाचला, उंचीचा. मग त्या एका ओळीशी आले.

खरं सांगायला तेवढा वेळ पुरेसा होता. कागदावरून मान वर करायची आणि म्हणायचं, काका, मी हे गाळलं. पण आमचे हे बाजूलाच वह्या तपासत होते, आणि मी त्रेसष्ट मार्कांची. मी वाचत गेले. कागदावर नसलेलं वाचत गेले. 'बाईची मांडी आत्ताच्या बाकापेक्षा तीन बोटं आखूड आहे. बाक उथळ करावा. नुसतं बुटकं करून भागणार नाही.' त्यांनी सांगितलेला शब्द न् शब्द मला पाठ होता. मराठीत मला मुळीच लाज वाटली नाही.

मिस्त्रींचा चेहरा बघता बघता मोकळा झाला. दोन महिन्यांत ते असे हसले नव्हते.

"म्हणजे कागद बरोबर आहे. चूक त्यांची आहे." ते आपल्या ओटीकडे वळून म्हणाले, "अगं, ऐकलंस का, कागद बरोबर आहे."

सोमवारी पहाटे ते नेहमीपेक्षा आधीच्या एस.टी.नं गेले. मी दार लावून आत बसून होते. अजूनही धावत जाऊन थांबवता आलं असतं. थांबा आमच्या घरापासून पाच मिनिटांवर होता.

ते सरळ मोठ्या साहेबांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, माझं माप बदललं, मुद्दाम बदललं. साहेबांनी कागद मागवला. एका मराठी कारकुनाकडून सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून घेतला, एकदा इंग्रजीत, एकदा मराठीत. बाकीची मापं नेहमीप्रमाणे. मिस्त्रींनी कारकुनाला परत वाचायला लावलं म्हणे. तिसऱ्यांदा वाचताना कारकुनाला हसू आवरेना.

त्या शनिवारी ते परत आमच्या दारात. हातात कोरा कागद.

"माफीचा अर्ज द्यायचाय. साहेब लोकांवर खोटा आळ घेतला म्हणून. इंग्रजीत पाहिजे."

मी पेन काढलं.

"ह्या वेळी सांगतो तेवढंच लिहा," ते म्हणाले. "लिहा, दुसरं माप सांगायचं माझ्याकडून राहिलं. मला विसर पडला."

"काका," मी म्हटलं.

"लिहा."

मी लिहिलं. एकही शब्द अडला नाही. त्यांनी सही केली, शाई वाळायची वाट न बघता कागदाची घडी घातली. सही दोन्हीकडे उमटली.

त्यांनी मला जागा सोडायला सांगितली नाही. काकींनी विहिरीवर बोलणं टाकलं नाही. रविवारी शेवग्याच्या पहिल्या शेंगा आमच्याकडे येत होत्या त्या येत राहिल्या. एवढंच झालं की मिस्त्रींनी माणसांच्या पायांकडे बघणं सोडलं. लग्नात समोर येईल ते जेवू लागले. कोणी ओटीवर आलं तर 'या' म्हणायचे, 'बसा' म्हणायचे नाहीत. मापाच्या बाकावर काकींनी पापड वाळत घालायला सुरुवात केली. पांढरी दोरी कुठे गेली कळलं नाही. तांबड्या दोरीनं सरपणाची मोळी बांधलेली मी पाहिली, आम्हा सगळ्या बायकांच्या गाठींसकट.

काकींना मी एकदा विचारलं, धुण्याच्या दगडावर, मान खाली घालून. त्यांना ह्या बाकाचं एवढं का होतं?

काकी कपडा पिळत होत्या, पिळतच राहिल्या. "पहिलंच होतं माझं," त्या म्हणाल्या. "सहावा महिना. हे मला मुंबई दाखवायला घेऊन गेलेले. ट्राममध्ये बसवलं, आपल्या हातचं काम दाखवायला. त्या बाकाला पॉलिश ह्यांनीच केलेलं, आठच दिवस आधी. तोंड दिसायचं त्यात. वळणावर गाडीला गचका बसला. माझे पाय टेकलेले नव्हते, पाठ टेकलेली नव्हती. धरणार कशानं? घसरले ती सरळ खाली." त्यांनी कपडा झटकला. "मग परत राहिलं नाही."

मी माझं धुणं तसंच बादलीत टाकून घरी आले. त्याच दिवशी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. पुढच्या वर्षी ह्यांची ठाण्याला बदली झाली, आणि मला हायसं वाटलं, हेही लिहून ठेवते.

नव्या गाड्या जुन्याच मापाच्या बाकांवर धावल्या. मिस्त्री निवृत्त झाले. मला तीन मुलं झाली, तिन्ही वेळा सहावा महिना लागला की मी घराबाहेर पडत नसे. सासूबाई म्हणायच्या, सून फार जपते स्वतःला.

मग मुंबईच्या ट्रामच बंद झाल्या. शेवटच्या ट्रामला लोकांनी केवढी गर्दी केली, ते पेपरात वाचलं. त्यानंतरच्या आठवड्यात मी एकटीच ठाण्याहून पनवेलला गेले. काकी दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. मिस्त्री जमिनीवर, भिंतीला पाठ लावून बसलेले, खूप बारीक झालेले.

"ट्राम बंद झाली," मी म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही.

"वाचलं. बरं झालं. लोकांचे हाल संपले."

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. एवढ्या वर्षांचं पाठ केलेलं होतं, ते एका दमात बोलून टाकलं. गाळलं ते, खोटं वाचलं ते, दार लावून बसले ते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. माफीच्या अर्जाच्या दिवशी त्यांना कळलंच होतं, हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही. फक्त एक गोष्ट त्यांना माहीत नव्हती.

"का गाळलंत?" त्यांनी विचारलं. "इंग्रजीत शब्द नव्हता का त्याला?"

"होता. लिहायची लाज वाटली."

"कशाची?"

"मांडीची."

रागावतील असं वाटलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मांडीवर पोर निजवतात, मास्तरीणबाई," ते म्हणाले. "त्यात लाज कसली."

मग ते भिंतीला धरून उठले आणि माझ्यासाठी पाणी आणायला आत गेले. त्यांना बराच वेळ लागला.

परतीच्या एस.टी.त मला पुढची जागा मिळाली. कंडक्टर भला माणूस होता. म्हणाला, "ताई, मागे सरकून नीट टेकून बसा, पुढे रस्ता खराब आहे." मी मागे सरकले तर पाय सुटले. पाय टेकवले तर पाठ सुटली. दोनतीनदा केलं. मग टाचांखाली हात घालून बघितलं, बोटं मोजली, आणि पुढच्या दांडीला दोन्ही हातांनी घट्ट धरून ठाण्यापर्यंत तशीच गेले. सामानासारखी.